हायकोर्टानं झापलं, बरं मग पुढं?

१७ ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं तेव्हा अख्ख्या कोल्हापुरानं स्टेटस ठेवले. हक्कच होता, वकिलांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली होती. सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं, सीपीआर रुग्णालयासमोर चालतात. बातम्या मात्र जुन्याच साच्यातल्या. 'हायकोर्टाचा दणका', 'प्रशासनाला झापलं', 'खरडपट्टी'. वाचायला मजा येते, पण आदेश काय दिला ते शेवटपर्यंत कळत नाही. अहो, न्यायमूर्ती सुनावणीत दोन्हीकडच्या वकिलांना तिरके प्रश्न विचारणारच. त्यातलं किती लेखी आदेशात उतरलं, ते बघायला नको?

नांदणीच्या जैन मठातल्या माधुरी हत्तिणीचं घ्या. तिला गुजरातला, अंबानींच्या 'वनतारा'त पाठवलं. निरोपाच्या मिरवणुकीचे, तिच्या डोळ्यांतल्या पाण्याचे व्हिडिओ दिवसभर फिरले. गलबलून आलं, खोटं कशाला बोलू. पण हायकोर्टात याचिका मठानंच केली होती, तिला हलवायला सांगणाऱ्या उच्चाधिकार समितीच्या आदेशाविरुद्ध, हे किती जणांपर्यंत पोचलं? कोर्टापुढं तिच्या पायाच्या जखमांचे, संधिवाताचे अहवाल होते. मठाच्या धार्मिक वापराच्या हक्कापेक्षा हत्तिणीचा नीट जगण्याचा हक्क मोठा, असं १६ जुलै २०२५ च्या निकालात म्हटलंय. २८ जुलैला सुप्रीम कोर्टानं तो कायम केला. नसेल पटत तर याच मुद्द्यावर भांडा की! उपचार इथंच का होऊ शकत नाहीत, हा प्रश्न रास्त होता. तो मागं पडला आणि आपण अंबानींवरच्या रागात जिओची सिमकार्डं पोर्ट करत बसलो.

त्याच महिन्यात २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या १२ जणांना हायकोर्टानं निर्दोष सोडलं. तीन दिवसांत 'सुप्रीम कोर्टाची स्थगिती' अशी पट्टी आली आणि आमच्या ग्रुपवर लगेच 'परत आत जाणार' सुरू! स्थगितीचा अर्थ एवढाच होता, की तो निकाल दुसऱ्या खटल्यात दाखला म्हणून वापरायचा नाही. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलेलंच नव्हतं. पण हे बातमीच्या पोटात होतं, आणि पट्टीला पोट नसतं.

पत्रकार मित्रांनो, राग मानू नका. तुमच्यावर घाई असते, ठाऊक आहे. तरी तोंडी की लेखी, अंतरिम की अंतिम, एवढं पहिल्याच ओळीत टाका. हेडिंग कितीही चटकदार द्या.

आदेश हायकोर्टाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, फक्त ते इंग्रजीत असतात. वकील मंडळींपैकी कुणी इथल्या महत्त्वाच्या आदेशांचा सार मराठीत चार ओळींत लिहिणार असेल तर कमेंटमध्ये सांगा. ग्रुप मी काढतो.