थंड बल्बचा रोध आणि पेटलेल्या बल्बचा रोध: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: मूळ लेखात १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर घेणाऱ्या बल्बचा रोध ६.८६ ओहम आणि पॉवर २१ वॅट काढली आहे. तुम्ही तसाच बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटरने मोजलात, तर ०.८ ओहम आला. त्या हिशेबाने करंट १५ अँपिअर आणि पॉवर १८० वॅट व्हायला हवी, म्हणजे ‘व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध’ हे सूत्रच चुकीचं. शिवाय ६.८६ मधला शेवटचा आकडा कशाच्या भरवशावर लिहिला? आणि पंख्यावर २३० व्होल्ट गुणिले ०.३ अँपिअर म्हणजे ६९ येतात, वॅटमीटर मात्र ५२ दाखवतो.

शेवटच्या आकड्याबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. व्होल्टेजच्या वाचनात अर्धा टक्का आणि करंटच्या वाचनात दीड टक्का चूक धरली, तर भागाकारात ती वाईटात वाईट दोन टक्के होते. म्हणजे रोध ६.७ ते ७.० यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. ६.९ लिहायला हवं होतं. गुणाकारातही तेच दोन टक्के येतात, म्हणून पॉवर २१ वॅट एवढीच लिहावी, पुढे दशांश नको.

आता मुख्य मुद्दा. तुमचं वाचन चुकीचं नाही आणि सूत्रही चुकीचं नाही, कारण दोन्ही आकडे वेगवेगळ्या अवस्थांतले आहेत. व्होल्टेज भागिले करंट केलं की त्या क्षणीचा, त्या तापमानाचा रोध मिळतो. तो रोध व्होल्टेज बदलल्यावरही तितकाच राहील, हे वेगळं विधान आहे. ओहमचा नियम म्हणतात तो हाच, आणि त्यात वाहकाची भौतिक अवस्था कायम असण्याची अट आहे. पेटलेल्या फिलामेंटच्या, म्हणजे बल्बमधल्या टंगस्टनच्या बारीक तारेच्या, बाबतीत ती अट पाळलीच जात नाही. टंगस्टनचा रोध खोलीच्या तापमानापासून २५०० केल्विनपर्यंत जाताना सुमारे १३ पट होतो.

तुमच्या ०.८ मध्ये प्रोबच्या वायरीही मोजल्या गेल्या आहेत. दोन्ही प्रोब एकमेकांना घट्ट टेकवून बघा, ०.२ किंवा ०.३ दिसेल. ०.३ वजा केले तर बल्बचे ०.५ उरतात, आणि ६.९ भागिले ०.५ म्हणजे जवळजवळ १४ पट. टंगस्टनशी हे जुळतं. पण २०० ओहमच्या रेंजवर मीटर ०.१ पेक्षा बारीक दाखवत नाही, त्यामुळे या ०.५ वरही फार विसंबू नका.

नीट मोजायचं असेल तर असं करा. १२ व्होल्टच्या सप्लायला १२० ओहमचा रेझिस्टर आणि बल्ब सिरीजमध्ये जोडा. करंट ०.१ अँपिअरच्या आसपास येईल. तो मीटरने मोजून घ्या. मग मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून प्रोब थेट बल्बच्या धातूवर टेकवा, होल्डरच्या वायरीवर नाही, कारण होल्डरच्या काळवंडलेल्या पत्तीचा रोधही इथे भर घालतो. ५० मिलिव्होल्ट दिसले तर रोध ०.५ ओहम. व्होल्टमीटरच्या वायरीतून करंट जवळजवळ वाहत नाही, म्हणून त्यांचा रोध हिशेबात येत नाही. फिलामेंटमध्ये फक्त ५ मिलिवॅट जातात, ते जेमतेम कोमट होतं. रेझिस्टरमध्ये मात्र १.२ वॅट जातात. तो किमान २ वॅटचा घ्या. पाव वॅटचा लावलात तर काही सेकंदांत काळा पडेल.

करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घालायला विसरू नका. विसरलात तर व्होल्टेज मोजताना मीटर म्हणजे नुसती जाड पट्टी असते: या जोडणीत १२० ओहममुळे करंट ०.१ अँपिअरवरच अडतो, पण प्रोब थेट सप्लायवर टेकवलेत तर सप्लाय शॉर्ट होतो आणि मीटरचा फ्यूज जाऊ शकतो.

हाच बल्ब ६ व्होल्टवर लावून बघा. रोध ६.९ च राहिला असता तर करंट ०.८७ अँपिअर आला असता. प्रत्यक्षात तो १.२ च्या जवळपास येतो, म्हणजे रोध ५ ओहम आणि पॉवर ७ वॅटच्या आसपास. फिलामेंट कमी तापलं, म्हणून रोधही उतरला. तुमचे १८० वॅट इथेच फसतात: व्होल्टेज पेटलेल्या बल्बचं आणि रोध थंड बल्बचा. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध हे सूत्र वापरताना दोन्ही आकडे एकाच अवस्थेतले हवेत. तुमच्या मोठ्या करंटला मात्र एक खरी जागा आहे. स्विच दाबल्याच्या पहिल्या क्षणी फिलामेंट थंड असतं आणि करंट खरोखरच नेहमीच्या अनेक पटींनी उसळतो. जुना बल्ब बऱ्याचदा स्विच दाबतानाच का जातो, त्याचं मोठं कारण हेच.

निक्रोमच्या हीटरमध्ये हा फरक काही टक्क्यांचाच असतो, मेटल फिल्म रेझिस्टरमध्ये त्याहूनही कमी. तिथे थंड असताना मोजलेला रोध खुशाल वापरा. एलईडीला मात्र तो अजिबात वापरू नका. ३ व्होल्टला २० मिलिअँपिअर म्हणजे १५० ओहम हे गणित बरोबर आहे, पण त्यावरून ३.३ व्होल्टला २२ मिलिअँपिअर येतील असं धरलंत तर एलईडी जळू शकतो. करंट दुपटीच्या वरही जाऊ शकतो.

पंख्याचं उत्तर छोटं आहे. एसीवर व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी शिखरावर पोहोचत नसतील, तर त्यांचा गुणाकार व्होल्ट-अँपिअर असतो, वॅट नव्हे. ५२ भागिले ६९ म्हणजे ०.७५, हा तुमच्या पंख्याचा पॉवर फॅक्टर, म्हणजे वॅट आणि व्होल्ट-अँपिअर यांचं गुणोत्तर. २३० भागिले ०.३ केल्यावर येणारे ७६७ ओहम हा इंपीडन्स, म्हणजे एसी करंटला होणारा एकूण विरोध आहे. बंद पंख्याच्या वाइंडिंगवर मीटर लावून तो आकडा शोधू नका.

मूळ लेखातल्या कोष्टकात आज ६.८६ च्या जागी ६.९ केलं आहे आणि त्या रकान्यावर ‘१२ व्होल्टवर पेटलेला असताना’ असं लिहिलं आहे. ते आधीच असतं तर तुमचा घोळ झाला नसता. १२० ओहमची जोडणी केलीत तर मिलिव्होल्टचं वाचन इथेच लिहा, आणि त्या वेळी मोजलेला करंटही सोबत द्या.