म्हातारा बैल म्हणालात, म्हणून एवढं लांब उत्तर

जुलै 2025 मध्ये ख्रिस पॉल हा मुरलेला गार्ड (चेंडू हातात ठेवून संघाला खेळवणारा) एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या, लॉस एंजेलिस क्लिपर्समध्ये परत आला तेव्हा मी लेख लिहिला होता. 3 डिसेंबर 2025 ला क्लिपर्सनी त्याला घरी पाठवलं आणि लगेच त्या जुन्या लेखाखाली एक प्रतिक्रिया येऊन पडली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी दोन-तीन शब्द गाळून देतो: "म्हातारा बैल स्वस्तात मिळाला म्हणून दावणीला बांधला आणि तुम्ही त्याची आरती ओवाळली. 5 विजय, 16 पराभव. ती जागा एखाद्या तरुणाला दिली असती तर उपयोग तरी झाला असता. 2021-22 च्या लेकर्सनी हेच केलं होतं, त्यांचं काय झालं ते आठवा. नांदेडात बसून एनबीएचं गणित शिकवण्याआधी आकडे बघत जा."

साहेब, मतभेदाचं मला काही वाटत नाही. या ब्लॉगवर माझ्याशी भांडणारे वाचक पहिल्यापासून आहेत आणि त्यांच्यातल्या काहींशी आता रोजचं बोलणं आहे. पण तुम्ही संघाचा निर्णय चुकला एवढंच म्हणून थांबला नाहीत. वीस हंगाम खेळून आलेल्या माणसाला तुम्ही म्हातारा बैल म्हणालात. ते वाचून मला राग आला, आणि तो मी लपवणार नाही.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते देऊन टाकतो. लेखाचं शीर्षक भडक होतं. "राजा घरी आला" असं लिहायची गरज नव्हती, "पॉल पुन्हा क्लिपर्समध्ये" एवढं पुरलं असतं. हे मान्य. पण शीर्षकाखाली दोन हजार शब्दांचा मजकूरही होता आणि तो तुम्ही वाचला असावा असं प्रतिक्रियेवरून दिसत नाही.

आता बैलाकडं येऊ, कारण विषय तुम्हीच काढलात. माझं गाव कंधार तालुक्यात आहे. लाल कंधारी बैल ज्या मातीतला, त्या मातीतला मी आहे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात वडिलांचं बोट धरून गेलोय, माळेगावच्या जत्रेत जनावरांमध्ये रात्री काढल्यात. बैलाचं उदाहरण देताना तुम्हाला वाटलं असेल की गावाकडच्या माणसाला त्याच्याच भाषेत सुनावलं. पण ज्याच्या दावणीला कधी बैल होता तो माणूस असं बोलणार नाही. नवा गोऱ्हा कामाला लावायचा असला की आमच्याकडं त्याला दुसऱ्या गोऱ्ह्यासोबत जुंपत नाहीत, मुरलेल्या बैलासोबत जुंपतात. तास सरळ कसा धरायचा, बांधापाशी कधी वळायचं, तिफण मागं असताना पाऊल किती टाकायचं, हे गोऱ्हा त्या बैलाच्या खांद्याला खांदा लावून शिकतो. त्या बैलाची ताकद निम्म्यावर आलेली असते आणि बाजारात त्याला भावही निम्माच येतो. तरी पेरणीच्या दिवसांत शहाणा शेतकरी त्याला विकत नाही. माझ्या वडिलांनी कधी विकला नाही.

आणि हे नुसतं गावाकडचं ज्ञान नाही. 2024-25 मध्ये पॉल सॅन अँटोनियो स्पर्सकडं होता. त्याच्या आदल्या हंगामात स्पर्सनी 22 सामने जिंकले होते. पॉल आला त्या वर्षी 34 जिंकले. त्यांचा मुख्य खेळाडू व्हिक्टर वेम्बान्यामा फेब्रुवारीनंतर रक्ताच्या गाठीमुळं बाहेर असूनही जिंकले. पॉलनं 82 पैकी 82 सामने सुरुवातीपासून खेळले. कारकिर्दीच्या विसाव्या हंगामात असं करणारा तो पहिलाच. सरासरी 8.8 गुण आणि 7.4 असिस्ट (ज्यावर लगेच गुण होतो असे पास). आणि त्याच्या शेजारी उभा राहून खेळणारा नवखा गार्ड स्टिफन कॅसल त्या वर्षीचा रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. तुम्ही म्हणता तरुणाची जागा गेली. स्पर्समध्ये कुणाची गेली ते सांगा. आकडे बघत जा म्हणालात ना, हे आकडेच आहेत.

"स्वस्तात मिळाला" या शब्दांवरही मला थांबायचंय, कारण स्वस्त म्हणजे काय हे तुम्ही धरलंच नाही. पॉलचा करार एका वर्षाचा, लीगनं ठरवलेल्या किमान दराचा. दहा वर्षांहून जास्त खेळलेल्याला 2025-26 मध्ये किमान दरानं सुमारे 36 लाख डॉलर मिळत होते. पण एका वर्षाच्या अशा करारात संघाच्या खात्यावर दोन वर्षं खेळलेल्या पोराएवढेच म्हणजे सुमारे 23 लाख धरले जात होते. वरचा फरक लीग भरते. ज्येष्ठ खेळाडू महाग पडतो म्हणून संघांनी त्याला टाळू नये, यासाठीच हा नियम आहे. त्या हंगामाची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या पगारखर्चाची मर्यादा, सुमारे 15.46 कोटी डॉलर. क्लिपर्सच्या एकट्या कवाय लेनर्डला 5 कोटी. त्यात 23 लाखांचा पॉल म्हणजे त्या कॅपच्या दीड टक्क्याएवढा. 5-16 चा दोष तुम्ही त्या दीड टक्क्यावर टाकायलात.

क्लिपर्स का बुडाले हे तुम्हाला खरंच माहीत करून घ्यायचं असेल तर सांगतो. आदल्या हंगामात 50 सामने जिंकलेल्या या संघानं उन्हाळ्यात नॉर्मन पॉवेल मायामीला देऊन टाकला. सामन्याला जवळपास 22 गुण करणारा माणूस. त्याची कसर ब्रॅडली बील भरून काढेल असं गणित होतं. बील सहा सामने खेळला आणि कमरेच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनं त्याचा हंगाम संपला. लेनर्ड नोव्हेंबरमध्ये घोटा धरून बसला. पॉल किती खेळला? 16 सामने, सरासरी 14 मिनिटं. चौदा मिनिटांत माणूस एवढा मोठा संघ बुडवू शकतो का? खुद्द क्लिपर्सच्या बास्केटबॉल कारभाराचे अध्यक्ष लॉरेन्स फ्रँक यांनीच सांगितलं की खराब कामगिरीचा दोष कुणी ख्रिसला देत नाहीये. संघ देत नाही, तुम्ही देता.

आता "नांदेडात बसून". हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेला असाल. नांदेडात बसूनच सकाळी सहाला अमेरिकेच्या पूर्वेकडचे सामने बघतो आणि लॉस एंजेलिसचे नऊला. नंतर कामावर जातो. क्लिपर्सला पॉल 2011 मध्ये पहिल्यांदा आला तेव्हाही बघत होतो. खरं तर तो लॉस एंजेलिसच्याच लेकर्सकडं चालला होता, ती अदलाबदल लीगचे तेव्हाचे कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी अडवली आणि मग तो क्लिपर्सचा झाला. त्याआधी क्लिपर्स म्हणजे लॉस एंजेलिसमधलं दुसरं घर, जिथं कुणी बघत नाही. पॉल होता त्या सहाही हंगामांत हा संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांमध्ये गेला. 2015 मध्ये ह्यूस्टनविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत 3-1 ची आघाडी घालवली तेव्हा मी दिवसभर कुणाशी बोललो नाही. विजेतेपद मिळालं नाही, हे मला तुम्ही सांगायची गरज नाही. पण त्या संघाला मान मिळाला तो त्या माणसामुळं.

आणि खेळाचं म्हणाल तर मी नुसता बघणारा नाही. कॉलेजच्या संघातून खेळलो, पुढं जिल्ह्याच्या संघातून अनेक वर्षं खेळलो. सिमेंटच्या मैदानावर, जिथं पडलं की गुडघ्याची सालटी निघतात. तिशी ओलांडल्यावर माझा वेग गेला, हे मलाही कळत होतं. पण शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कुणाकडं द्यायचा, कुणाला हात वर करून थांबवायचं, फाऊल कधी घ्यायचा, हे त्या संघात मला आणि अजून एका दादांना कळत होतं. ते दादा माझ्यापेक्षा मोठे, बँकेत नोकरीला, संध्याकाळी थेट पँटशर्टवर मैदानावर यायचे. एका स्पर्धेच्या आधी निवड समितीनं आम्हा दोघांची नावं काढली. आम्हाला कुणी सांगितलं नाही. यादी फळ्यावर लागली तेव्हा कळलं, तेही एका पोरानं येऊन सांगितलं म्हणून. "तुमच्याकडं आता काय राहिलंय" असं समितीतले एक जण नंतर हसत म्हणाले. दादा त्यानंतर मैदानावर परत आले नाहीत.

म्हणून पॉलनं मध्यरात्रीनंतर इन्स्टाग्रामवर आपल्याला घरी पाठवताहेत असं लिहिलेलं वाचलं तेव्हा मला काय वाटलं ते तुम्हाला कळणार नाही. त्यानं नोव्हेंबरमध्येच सांगून टाकलं होतं की हा शेवटचा हंगाम. असिस्टमध्ये इतिहासात दुसरा, पुढं फक्त जॉन स्टॉकटन. स्टीलमध्येही (चेंडू हिसकावण्यात) दुसरा, तिथंही पुढं स्टॉकटनच. अशा माणसाला दौऱ्यावर असताना अटलांटातून परत पाठवायचं? आणि त्यावर आपण परभणी, लातूर, नांदेडच्या मराठी वाचकांनी दावण, बैल, स्वस्त माल असं बोलायचं? कोच टायरॉन लू यांच्याशी त्याचं बोलणं बंद होतं अशा बातम्या आल्या, तो सगळ्यांच्या चुका तोंडावर सांगत होता असंही आलं. तोंडावर सांगणारा माणूस 5-16 च्या संघात नको असतो, हे जगात सगळीकडं सारखंच आहे. त्यात पॉलला घेण्याचा निर्णय कुठं चुकला?

लेकर्सचं उदाहरण. 2021-22 मध्ये त्यांनी कार्मेलो अँथनीसकट बरेच वयस्कर लोक किमान दरानं गोळा केले, 33-49 वर संपले, ठीक आहे. पण त्याच लेकर्सनी 2019 मध्ये ड्वाईट हॉवर्डला, ज्याला तेव्हा कुणी विचारत नव्हतं, किमान दरानं घेतला आणि 2020 मध्ये विजेतेपद जिंकलं. आणि 2012 मध्ये बोस्टनचे जास्तीचे पैसे सोडून मायामीला गेलेला रे ॲलन आठवतो का? 2013 च्या अंतिम फेरीतला सहावा सामना, 5.2 सेकंद बाकी, उजव्या कोपऱ्यातून तीन गुण, 95-95. तेव्हा तो 37 वर्षांचा होता. त्याला तुम्ही काय म्हणाला असतात?

बाकी तुमच्या प्रतिक्रियेत "अंधभक्ती", "जाहिरात" वगैरे जे दोन-तीन शब्द होते ते मी वर दिलेच नाहीत, आणि त्यांना उत्तरही देणार नाही.

राहिला तरुण खेळाडूचा मुद्दा. तो खरा मुद्दा आहे असं तुम्हाला वाटत असेल तर एक काम करा. जुलै 2025 मध्ये मोकळा असलेला, किमान दरात यायला तयार असलेला, चेंडू हातात धरून दुसऱ्या फळीला खेळवू शकेल असा एक तरुण गार्ड दाखवा. नाव लिहा, आणि तो क्लिपर्सला किती सामने जिंकून देणार होता तेही लिहा. बैल, दावण, आरती यातलं काही न लिहिता लिहिलंत तर प्रतिक्रिया छापीन आणि उत्तरही देईन. नाही लिहिलंत तर या विषयावर माझ्याकडून पुढं काही येणार नाही.