निकालांच्या गाइडात निकालानंतरचं पानही हवं

धुळे, जळगाव, शहादा, कुठेही जा, अभ्यासिका आता गल्लोगल्ली आहेत. तिथल्या कुठल्याही पोराला केशवानंद भारती म्हणा, पुढचं घडाघडा येतं: १९७३, १३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६, मूलभूत संरचना. पण हे केशवानंद कोण, कोर्टात कशाला गेले आणि त्यांच्या पदरात काय पडलं, असं विचारलं की पोरगं गाइड उलटंपालटं करायला लागतं. त्यात ते नसतंच. कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे ते स्वामी. केरळच्या जमीन सुधारणा कायद्यात मठाची जमीन जात होती म्हणून भांडले. संसदेला घटनेचा गाभा बदलता येत नाही, हा केवढा मोठा सिद्धांत देशाला मिळाला, पण तो जमीन कायदा काही त्यांना पाडता आला नाही.

पोरांचा दोष नाही. मराठीत घटनात्मक निकालांवर जे बाजारात येतं ते परीक्षार्थ्यासाठी बेतलेलं असतं. ग्रामपंचायत सदस्य, बचत गटाची अध्यक्षा, सातबारा घेऊन तहसीलच्या पायऱ्या झिजवणारा शेतकरी, यांना निकालाचं नाव नि साल घेऊन काय करायचंय? त्यांचा प्रश्न एकच असतो. मी तालुका कोर्टात वकिली करतो, पक्षकार मोबाइल पुढे करून तोच विचारतात: ‘‘साहेब, सुप्रीम कोर्टनी सांगेल शे, मंग आते काय?’’ या ‘मंग आते काय’चं उत्तर देणारं मराठी पुस्तक मला तरी दुकानात सापडलेलं नाही.

आपल्याच भागातलं घ्या. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने विकास किशनराव गवळी खटल्यात निकाल दिला आणि त्या तडाख्यात धुळे-नंदुरबार जिल्हा परिषदेतले ओबीसी जागांवरचे सदस्य घरी बसले. ५ ऑक्टोबरला पोटनिवडणूक झाली. पारावर, व्हॉट्सॲपवर एकच वाक्य फिरत होतं: कोर्टाने ओबीसी आरक्षण काढून टाकलं. निकाल उघडला तर तसं नाही. जिल्हा परिषद कायद्यातलं २७ टक्क्यांचं कलम कोर्टाने रद्द केलेलंच नाही. २७ टक्के सरसकट नाहीत, २७ टक्क्यांपर्यंत, असं ते वाचायचं. त्याआधी स्वतंत्र आयोग नेमून मागासलेपणाची पाहणी करायची, प्रत्येक संस्थेचं प्रमाण वेगळं ठरवायचं आणि सगळं आरक्षण मिळून ५० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. ही चौकट २०१० च्या के. कृष्णमूर्ती निकालातली, पाच न्यायमूर्तींनी घालून दिलेली. सरकारकडे अकरा वर्षं होती! आता नंदुरबारचा हिशेब करा. जिल्ह्यात निम्म्याहून कितीतरी जास्त लोकसंख्या आदिवासी. अनुसूचित जमातीच्या जागांनीच ५० ची रेषा ओलांडली, तर ओबीसीला उरतं काय? निकाल बरोबर की चूक यावर खुशाल भांडा, पण हा हिशेब समोर ठेवून भांडा. गाइडात या तीन अटींसाठी ‘त्रिसूत्री चाचणी’ एवढे दोन शब्द जाड ठशात असतात, हिशेब नसतो.

दुसरा निकाल सरदार सरोवराचा, १८ ऑक्टोबर २००० चा. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं या धरणाच्या बुडितात. गाइडात एक ओळ: धरणाला परवानगी. पण निकाल दोन विरुद्ध एक असा होता. पर्यावरणाची मंजुरी रीतसर अभ्यास करून दिलेलीच नाही, ती पुन्हा तपासा आणि तोवर काम थांबवा, असं न्या. भरूचांनी वेगळं लिहून ठेवलंय. बहुमताच्या निकालातही नुसती परवानगी नाही. ९० मीटरपर्यंत बांधा, त्यापुढे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला मंजुरी घेऊन, आणि पुनर्वसन बांधकामाच्या बरोबरीने चाललं पाहिजे. बुडितातल्या मणिबेली गावच्या माणसाच्या कामाचं वाक्य हे होतं. एका ओळीच्या सारांशात नेमकं तेच गळतं.

आणि काही निकाल तर मेलेले असतात, तरी गाइडात जिवंत. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही, असं सांगणारा १९७६ चा जबलपूर निकाल २०१७ च्या पुट्टास्वामी (खासगीपणाच्या हक्काच्या) खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मोडीत काढला. हे त्याच पानावर छापायला किती शाई लागते?

मराठी अनुवाद आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, चांगली सोय आहे. पण सोबत सूचना असते की हा अनुवाद पक्षकाराला समजावा एवढ्यापुरता, प्रमाण इंग्रजी प्रतच. वरच्या कोर्टांची भाषा इंग्रजी ठरवणारं घटनेचं कलम ३४८ आहे तोवर ते तसंच राहणार. शिवाय शंभर पानांचा निकाल मराठीत आला म्हणून तो वाचवतो असं थोडंच आहे? तिसऱ्या पानावर मीसुद्धा चहा मागवतो.

माझ्या डोक्यातल्या पुस्तिकेची अनुक्रमणिका पक्षकारांच्या नावाने नाही, अडचणीच्या नावाने आहे. अटक झाली. जमीन गेली. वॉर्ड राखीव झाला. ‘अटक झाली’ उघडलं की डी. के. बसू खटल्याचा निकाल: अटकेचा पंचनामा तिथल्या तिथे, त्यावर साक्षीदाराची सही, घरच्यांना कळवणं, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. हे सगळं प्रत्येक पोलीस ठाण्यात दिसेल असं लावा, असंही कोर्टाने सांगितलेलं. मी एका ठाण्यात तो फलक पाहिलाय, कपाटाच्या मागे, वरच्या दोन ओळी तेवढ्या दिसतात. खाली लिहायचं की यातलं बरंचसं पुढे कायद्यातच आलं आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३६ मध्ये सापडेल. आणि पानाच्या तळाशी तारीख: अमुक दिवसापर्यंत हे असं लागू आहे.

वकील संघातले दोन मित्र लिहायला तयार आहेत. वकिलांनी लिहिलेलं वकिलालाच कळतं, म्हणून आम्हाला एखादी शिक्षिका किंवा ग्रामसेवक हवा, जो वाचून ‘काहीच समजलं नाही’ असं तोंडावर सांगेल. शिरपूर, शहादा, धडगावकडचं कुणी असेल तर मेसेज करा. मानधन नाही, भरीत-पुरी नक्की.