वाळवंटात एकटं जाऊ नये म्हणे

मार्च लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. यंदा मामांनी पाठवला, खाली जोडलेल्या हातांच्या तीन खुणांसकट. त्याचा मथितार्थ असा: अमेरिकेतल्या वाळवंटात सायकल घेऊन एकट्याने भटकणं म्हणजे जिवाशी खेळ. अरॉन राल्स्टन या गिर्यारोहकाला स्वतःचा हात कापावा लागला तो एकटा गेला म्हणून. तिथल्या खडकाला ‘स्लिकरॉक’, म्हणजे निसरडा खडक, म्हणतात ते सायकली घसरतात म्हणून. आणि इतकं सांगूनही कोणाला जायचंच असेल तर वर चार युक्त्या: पाणी पुरवून पुरवून प्या, संपलं तर निवडुंग कापा, गाडी बंद पडली तर सायकल आहेच, आणि आभाळ निरभ्र असलं तर घळीत खुशाल उतरा.

मी डेन्व्हरला राहते. वर्षातून एकदा तरी गाडीमागच्या रॅकवर माउंटन बाइक चढवून युटातल्या मोआबला जाते, एकटीच. तेव्हा मेसेजचा रोख कोणाकडे होता ते कळलं. मामा, रागावू नका, पण यातली बंदी चुकीच्या कारणासाठी आहे आणि युक्त्या तर जीव घेणाऱ्या आहेत.

आधी राल्स्टन, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. २६ एप्रिल २००३ ला त्याने हॉर्सशू कॅन्यनपाशी गाडी लावली, माउंटन बाइकवरून पुढे गेला, सायकल एका झाडाला कुलूप लावून बांधली आणि ब्लूजॉन घळीत उतरला. वाटेत त्याला दोघी जणी भेटल्या, थोडा वेळ तिघं बरोबरच होते. त्यांची वाट वेगळी झाल्यावर साधारण ३६० किलोचा दगड निसटला आणि त्याचा हात कपारीत चिणला गेला. शेवटी हात कापून तो सुटला; ते १२७ तास सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर सिनेमाही निघाला. मेसेजमध्ये नाही ती गोष्ट एवढीच: आपण कुठे चाललोय हे त्याने एकाही माणसाला सांगितलं नव्हतं. तो कामावर आला नाही म्हणून शोध सुरू झाला, तोपर्यंत दिवस गेले होते. घरी एक चिठ्ठी असती तर एकटा असूनही तो लवकर सापडण्याची शक्यता कितीतरी वाढली असती.

आणि सोबत असली की भागतं, असंही नाही. जुलै १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या वाळवंटात एक जर्मन कुटुंब नाहीसं झालं. दोन मोठी माणसं, दोन मुलं, म्हणजे चौघं होते. ऑक्टोबरमध्ये त्यांची व्हॅन एका निर्जन घळीत सापडली, टायर फाटलेले. माणसांचे अवशेष मिळायला २००९ उजाडलं. ते गाडी सोडून चालत निघाले होते. म्हणून ‘सायकल आहेच’ ही युक्ती वाचून माझ्या अंगावर काटा आला. गाडी वरून दिसते, तिची सावली असते, पाणी तिच्यातच असतं. भर दुपारी सायकलवर टांग मारून मदत आणायला निघालेलं माणूस शोधणं गाडी शोधण्यापेक्षा कितीतरी अवघड. डांबरी रस्ता, संध्याकाळची वेळ आणि गाव समोर दिसतंय, एवढं जुळून आलं तरच सायकल काढावी.

निरभ्र आभाळाचंही तसंच. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनात पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक लोंढ्यात गेले. पाऊस वरच्या अंगाला, कित्येक किलोमीटर लांब झाला होता. खडकात पाणी मुरत नाही, सगळं घळीच्या तोंडाशी येतं. जुलै ते सप्टेंबरच्या त्या पावसाला तिकडेही मॉन्सूनच म्हणतात, त्यामुळे आपल्या माणसाला तरी हे वेगळं सांगायला नको.

पाणी ‘पुरवून’ पिण्यात तर काडीचा अर्थ नाही. बाटलीत राहिलेलं पाणी घामाची भरपाई करत नाही. कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानवाले माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर पाणी धरायला सांगतात. मी गाडीत २० लिटरचा कॅन ठेवते आणि खिशात खारे शेंगदाणे, कारण नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही जिवावर बेततं. निवडुंगाबद्दल काय बोलायचं! मोआबला गुडघ्याच्या खालीच फड्या निवडुंग असतं. ॲरिझोनातल्या पिंपासारख्या जातींच्या गरातही बहुतेक वेळा असं काही असतं की उलट्या-जुलाब होऊन होतं नव्हतं ते पाणीही अंगातून जावं.

स्लिकरॉकचा खुलासा तर गमतीचा आहे. ते नाव पडलं घोड्यांमुळे. वसाहतवाल्यांच्या घोड्यांचे लोखंडी नाल त्या खडकावर सटकायचे. हा नवाहो वालुकाश्म, म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दगड होऊन बसलेल्या. हात फिरवला तर सुताराच्या पॉलिश पेपरसारखा खरखरीत. रबरी टायर त्याला असा धरतो की भिंतीसारख्या चढावर आधी आपला दम सुटतो, चाक सुटत नाही. वाट चुकू नये म्हणून खडकावर पांढऱ्या रंगाच्या तुटक रेघा मारल्यात. पडलात तर मात्र कोपराचं सालटं त्या दगडाला दान. ही भीती खरी आहे, घसरण्याची नव्हे.

खऱ्या त्रासाचं त्या मेसेजमध्ये नावही नाही. पहिल्या खेपेला गाडी लावली त्या मोकळ्या जागेतून सायकल हाताने ढकलत वाटेपर्यंत नेली, तेवढ्यात पुढच्या चाकातून फुस्स. वाकून बघते तर सराटा! आजोळच्या खळ्यात अनवाणी पायात रुतायचा तोच, तेच दोन शिंगांचं डोकं. तिकडे त्याला ‘बोकडाचं डोकं’ म्हणतात. फड्या निवडुंग तिकडून आपल्याकडे आलं, सराटा जुन्या जगातून तिकडे गेला, फिटंफाट. एका चाकातून सात काढले. तेव्हापासून ट्यूबलेस टायरात पांढरं सीलंट भरून नेते. काटा उपटला की भोकातून दुधासारखा बुडबुडा येतो, चाक दोनदा फिरवलं की बंद.

एक मात्र मान्य. मोआबहून पश्चिमेला इंटरस्टेट ७० या महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना या गावांमध्ये साधारण १७५ किलोमीटर पेट्रोल पंप नाही. पुण्याहून निघून कराड मागे पडेपर्यंत एक टपरी नाही, असं धरा. फोनची रेंजही जागोजागी जाते. म्हणून नकाशा आधीच उतरवून घेते, सॅटेलाइटवर संदेश धाडणारं डबीएवढं यंत्र पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्याला लावते. सॅकच्या आत नाही, कारण हात अडकला तर तिथवर पोचायचं कसं?

आणि निघण्याआधी आईला मेसेज: कुठल्या वाटेने जाणार, गाडी कुठे लावली, किती वाजता परत. मोआबला उन्हाळ्यात रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात सकाळचे साडेसात, तिच्या दुसऱ्या चहाची वेळ. तोवर माझं ‘पोचले’ आलं नाही तर ती डेन्व्हरच्या मैत्रिणीला फोन करते, मैत्रीण तिथल्या शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या, कचेरीला. आजवर एकदाच वेळ आली, मी जेवायच्या नादात कळवायला विसरले म्हणून. सव्वाआठला मैत्रिणीचा फोन आला, आणि त्यानंतर आईचा. तो काही इथे लिहिण्यासारखा नाही.