‘बारमाही फुलझाडे घराजवळ नकोत’ या संदेशाला उत्तर

कोल्हापुरातील अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. घराजवळ बारमाही फुलझाडे लावू नयेत, कारण त्यांच्यामुळे मधमाश्या पोळे करतात आणि चावतात. फुलपाखरांच्या अळ्या सगळी झाडे फस्त करतात आणि अंगाला खाज आणतात. शिवाय आपल्याकडच्या पावसात ही झाडे टिकतही नाहीत. ज्यांना फुलपाखरांची हौसच आहे त्यांनी कुंपणाला घाणेरी लावावी आणि ताटलीत साखरपाणी ठेवावे, असा त्याचा आशय आहे. हा संदेश वाचून आमच्या शेजारच्या एका काकूंनी बहरलेली तुळस मुळासकट काढून टाकली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पोळ्यांची भीती खोटी नाही, पण तिचे कारण चुकीचे सांगितले जाते. लोक ज्या माशीला घाबरतात ती आग्या माशी उंच झाडांवर, इमारतींच्या सज्जांखाली आणि पाण्याच्या टाक्यांखाली पोळे लावते. खाली कुंडीत सदाफुली आहे की नाही, यावर ती जागा निवडत नाही. सातेरी जातीच्या मधमाशीला अंधारी पोकळी लागते, मग ती झाडाची ढोली असो की भिंतीतले भोक. फुलोरी ही छोटी मधमाशी मात्र दाट झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे लावू शकते, हे मान्य करायला हवे. तरीही फुलावर आलेली माशी आणि पोळे राखणारी माशी यांच्या वागण्यात मोठा फरक असतो. फुलावरची माशी मध आणि पराग गोळा करण्यात गुंतलेली असते, आणि हातात धरल्याशिवाय किंवा पायाखाली आल्याशिवाय ती सहसा डंख मारत नाही, कारण मधमाशीचा काटेरी डंख कातडीत अडकून राहतो आणि ती स्वतः मरते. वारंवार डंख मारू शकते ती गांधीलमाशी, आणि तिचा दोष पुष्कळदा मधमाशीच्या माथी मारला जातो. घरात कुणाला डंखाची तीव्र ॲलर्जी असेल तर कुंड्या खिडकी-दारापासून दूर ठेवणे योग्यच आहे. पोळे दिसले तर धूर किंवा फवारा मारू नये, जाणकाराला बोलवावे. चिडलेली आग्या माशी दूरवर पाठलाग करते, आणि बहुतेक मोठे अपघात अशा डिवचण्यातूनच होतात.

याच भीतीपोटी आपण काय गमावतो, तेही पाहावे. वांग्याच्या फुलातील पराग परागकोशाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो आणि त्यासाठी फूल थरथरवावे लागते. काळा भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो आणि ते काम करतो. मधमाशीला ते जमत नाही. गच्चीवर वांगी लावणाऱ्यांनी तरी भुंग्याला हाकलू नये.

अळ्यांविषयीचा आक्षेप मला सर्वांत अधिक खटकतो, कारण अळीशिवाय फुलपाखरू नाही, आणि तरीही ‘फुलपाखरू हवे, अळी नको’ असे आपण सहज म्हणून जातो. खाज आणणारे केसाळ सुरवंट बहुतांशी पतंगांचे असतात. कढीपत्त्यावर सापडणारी अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे पानासारखी हिरवी होते, आणि तिला हळूच बोट लावले तर डोक्यामागून लालसर-नारिंगी दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. तिचा सगळा प्रतिकार एवढाच असतो. कढीपत्ता चार-दोन डहाळ्या गमावतो आणि पुन्हा फुटतो. पानफुटीवर वाढणारी अळी तर पानाच्या आत शिरून गर खाते, त्यामुळे ती दिसतही नाही. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढतात. लिंबावर दर आठवड्याला फवारणी करून हे फुलपाखरू अंगणात कसे येणार? रुईवर, कण्हेरीवर, कोरांटीवरही निरनिराळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात.

पावसाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि जुलैत मुळे कुजतात, पण त्यावर उपाय आहे. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घालावेत आणि मातीत वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. तुळस, एक्झोरा, पेंटास, जास्वंद ही झाडे एवढ्या काळजीवर पावसाळा काढतात. सलग झडीत मधमाश्यांना बाहेर पडता येत नाही, आणि उघडीप मिळताच त्यांना जवळपास फुले लागतात. हंगामी झाडे त्या वेळी नुकती रुजत असतात. अडुळसा आणि निर्गुडी कुंपणाला लावावी, त्यांना फारशी देखभालही लागत नाही. जास्वंद मात्र एकेरी पाकळीची निवडावी, कारण दुहेरी फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि कीटकांना त्यात फारसे काही मिळत नाही.

घाणेरीवर फुलपाखरे बसतात, हे खरे. पण ती अमेरिकेतून आलेली आहे, आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांना तिची पाने उपयोगी पडत नाहीत, जनावरांना ती विषारी आहे, आणि तिची फळे खाऊन पक्षी बी दूरवर टाकतात. सह्याद्रीच्या उतारांवर तिने आधीच स्थानिक झुडपांची जागा बळकावली आहे. ज्या जिल्ह्यात राधानगरीचे जंगल आहे आणि पाटगाव मधाचे गाव म्हणून ओळखले जाते, तिथे तरी आपल्या हाताने ती लावू नये.

साखरपाण्याचे काय होते ते रसवंतीवर रोज दिसते. रसाच्या भांड्याभोवती मधमाश्यांची झुंबड उडते आणि कितीतरी बुडून मरतात. ताटलीतले साखरपाणी मुंग्या आणते आणि आंबते. त्याऐवजी पसरट भांड्यात ओली माती आणि खडे ठेवून साधे पाणी घालावे. फुलपाखरे ओल्या मातीतून क्षार शोषतात आणि माश्यांना खड्यांवर बसून पाणी पिता येते. तुळशीच्या मंजिऱ्याही सगळ्या खुडू नयेत. झाड दाट राहावे म्हणून निम्म्या खुडाव्यात आणि निम्म्या राहू द्याव्यात. सकाळी ऊन आले की फुलोरी माश्या त्यांच्यावर हजर असतात.