पट्ट्यावरचं विमान उडतं म्हणजे उडतंच

काल रात्री ओट्यावर पुन्हा तोच वाद. विमान जितक्या जोरात पुढे जाईल तितक्याच जोरात उलटा पळणारा लांबलचक पट्टा खाली टाकला तर विमान उडेल का? आमचे मोठे मामा ठाम, "पट्टा मांगे जाई राहिना, मंग इमान पुढे कसं जाई?" आणि ओट्यावरचे निम्मे लोक त्यांच्या बाजूने.

मामांचं चुकतं कुठे, तर ते विमानाला मोटारसायकल समजताय. मोटारसायकलचं इंजिन चाक फिरवतं, चाक रस्त्याला मागे रेटतं म्हणून गाडी पुढे जाते, तिच्याखाली उलटा पट्टा लावला तर ती जागेवरच राहील हे मलाही मान्य आहे. पण विमानाच्या चाकाला इंजिन जोडलेलंच नसतं हो! पंखा नाहीतर जेट हवेला मागे ढकलतं, त्या धक्क्याने विमान पुढे सरकतं, चाकं नुसती खाली घरंगळतात.

मी डाळ मिलमध्ये काम करतो, तिथे हे हाताने करून पाहिलंय. मोटर बंद करायच्या आधी पट्टा रिकामा चालू असतो, त्यावर भाच्याची खेळण्यातली कार ठेवली आणि तिची सुतळी दोन बोटांच्या चिमटीत धरली. चाकं भिर्रर्र फिरायला लागली, पण बोटांना ओढ किती, तर जेमतेम जाणवेल इतकी. मिस्त्रीने मोटरचा स्पीड वाढवला, चाकं अजून जोरात फिरली, सुतळीची ओढ मात्र जवळपास तेवढीच. मग मी सुतळी हळूच ओढली आणि कार उलट्या पट्ट्यावरून आरामात माझ्याकडे आली. विमानाची सुतळी म्हणजे त्याचा पंखा, आणि ती बांधलीय हवेला. (लहान पोरांना पट्ट्याजवळ अजिबात नेऊ नका, बोट जातं.)

धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर ट्रेनिंगची जी छोटी विमानं असतात तसलं विमान ताशी 100 किलोमीटरच्या आसपास जमीन सोडतं. पट्टा उलटा 100 ने पळाला तर चाकं 200 च्या हिशोबाने फिरतील, बाकी फरक नाही. 2008 साली अमेरिकेत मिथबस्टर्स या असले दावे करून बघणाऱ्या टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी जमिनीवर लांब कापड अंथरून ते ट्रकने उलट्या दिशेला ओढलं आणि वरून खरं हलकं विमान पळवलं, आणि ते उडालं, पायलटला स्वतःला वाटत होतं उडणार नाही तरी.

हां, कोणी म्हटलं की पट्टा चाकाच्या स्पीडएवढाच पळला पाहिजे, तर तो प्रश्नच जुळत नाही, कारण विमान जरा पुढे सरकलं की चाक पट्ट्यापेक्षा जास्त फिरणारच.

मामांना शेवटी केळीवाल्यांच्या भाषेत सांगितलं. मे महिन्यात वादळ आलं की बागा आडव्या होतात ना, त्याच वाऱ्याच्या भीतीने मैदानात उभी असलेली छोटी विमानं दोरांनी जमिनीला बांधून ठेवतात, कारण समोरून पुरेसा वारा पंखांवर आला तर चाकाचा एक फेराही न होता विमान उचललं जातं. मामा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, उद्या मिलमध्ये येतो, सुतळी मी धरीन.