‘ऑटोलेव्हल म्हणजे नाटक’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

घरच्या सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कोरण्याच्या मशीनवर) पीसीबी, म्हणजे सर्किटचे बोर्ड, मिल करणाऱ्यांमध्ये (कॉपर कोरून ट्रॅक बनवणाऱ्यांमध्ये) एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. नसेल आला तर थोडक्यात सांगतो. ऑटोलेव्हल (बोर्डाची उंची ठिकठिकाणी मोजून कापायची खोली त्याप्रमाणे जुळवणं), हाइटमॅप (त्या उंचींचा नकाशा) वगैरे सगळं सॉफ्टवेअरवाल्यांनी विकलेलं नाटक आहे. एफआर-४ बोर्ड (कॉपरचा थर चढवलेली शीट) फॅक्टरीत दाबून बनतो, म्हणजे तो सपाटच असतो. थोडा वरखाली असलाच तर खोली ०.३ मिमी ठेवा, सगळीकडे कापलं जाईल, धूळ फुंकर मारून उडवा. तरी उंचवटा राहिला तर १२० नंबरचा पॉलिशपेपर मारा. प्रोब (बिट कॉपरला टेकल्याचं विजेने ओळखणारी वायर) लावलात तर करंटने स्पिंडलचं, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरचं, बेअरिंग जातं आणि बिटचं टोक मोडतं. अगदीच हौस असेल तर चार कोपरे मोजा, पुरे. एकदा मोजलं की तोच मॅप कायम वापरा. आणि शेवटी, प्रोफेशनल मशीनला असलं काही नसतं. मग हात जोडलेले इमोजी.

मी गप्प बसलो असतो, पण भाच्याने हा मेसेज मला पाठवला, खाली ‘मामा तू उगाच प्रोबिंगचं लचांड मागे लावलंस’ असं लिहून, आणि सोबत त्याने ०.३ वर कापलेल्या बोर्डाचा फोटो. फोटोत मायक्रोकंट्रोलरचे एका बाजूचे पॅड जेमतेम शिल्लक आहेत आणि एक ट्रॅक मधूनच गायब आहे. तरी हा म्हणतो कापलं तर नीट गेलंय.

आधी ते ‘विकलेलं’ बघू. ऑटोलेव्हल करणारी सॉफ्टवेअर बघा, बीसीएनसी फुकट, कँडल फुकट, दोन्ही ओपन सोर्स, कोणी कोणाला काय विकलं? प्रोबिंगपुरतं मशीनमधल्या ग्रबल फर्मवेअरला फक्त जी३८.२ सारख्या आज्ञा कळतात, म्हणजे खाली जा आणि स्पर्श झाला की थांब. बाकी सगळं, बिंदू मोजणं, त्यांच्यामधली उंची काढणं, जी-कोडमधला (मशीनला द्यायच्या आज्ञांमधला) झेड, म्हणजे वरखालीचा आकडा, बदलणं, हे पीसीवरचं फुकट सॉफ्टवेअर करतं.

आता सपाटपणा. इथे मला एकच कागद पुरेसा आहे, आयपीसी-६०१२, रिजिड बोर्डांचं जगभर वापरलं जाणारं स्टँडर्ड. त्यात बाक आणि पीळ किती चालेल त्याची मर्यादा दिलीय, एसएमडी पार्ट (पृष्ठभागावरच सोल्डर होणारे) लागणाऱ्या बोर्डांना ०.७५ टक्के आणि बाकीच्यांना १.५ टक्के. म्हणजे १०० मिमी लांबीच्या बोर्डाला पाऊण मिलीमीटर बाक असेल तरी तो बोर्ड पास. पास! रिजेक्ट नाही. आणि आपण ज्या कॉपरला कापायला निघालोय ते १ औंसचं असेल तर ३५ मायक्रॉन, म्हणजे ०.०३५ मिमी. ज्या उद्योगाच्या नावाने ‘फॅक्टरीत दाबून बनतो’ म्हणताय तो उद्योगच कॉपरच्या जाडीच्या वीसपट बाक चालवून घेतो. हा आकडा तयार बोर्डाचा आहे, कच्च्या शीटचा नाही, हे मान्य, पण कच्ची शीट काही त्याहून जास्त लाडाने ठेवलेली नसते. त्यात सिंगल साइड शीटला कॉपर एकाच अंगाला, गरम दाबून थंड होताना दोन्ही अंगं सारखी आकसत नाहीत, म्हणून ती वाकायलाच बसलेली असते, वर तुम्ही ती कातरीने कापली की कडा अजून वळतात. आणि १.६ मिमी जाडीला ±१० टक्के टॉलरन्स सर्रास सांगतात, म्हणजे एका तुकड्यावर शून्य घेऊन दुसरा लावला तर ०.३२ पर्यंत फरक पडू शकतो.

तर ०.३ खोली. हाच सगळ्यात नुकसानीचा सल्ला आहे, कारण ऐकायला तो एकदम शहाणा वाटतो, थोडं जास्त कापलं तर काय बिघडतं असं. बिघडतं, कारण आपलं बिट व्ही आकाराचं असतं. खोल गेलं की चर रुंद होते. हिशेब शाळेतला आहे, रुंदी म्हणजे टोकाची रुंदी अधिक खोलीच्या दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन्जंट. ०.१ मिमी टोकाचं ६० अंशी बिट घ्या. ०.१ खोलीला चर साधारण ०.२२ मिमी, ०.३ ला ०.४५, आणि बोर्ड तिथे ०.२ ने वर उचललेला असेल तर खरी खोली होते ०.५ आणि चर जवळजवळ ०.६८ मिमी. आता फ्लॅटकॅमला (बिटचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरला) तुम्ही टूलची रुंदी ०.२२ सांगितलीय, म्हणून त्याने बिटचा मार्ग ट्रॅकच्या कडेपासून ०.११ वर आखलाय. प्रत्यक्षात चर ०.६८, म्हणजे ट्रॅकची प्रत्येक बाजू ०.२३ ने खाल्ली जाणार. दोन्ही बाजू मिळून ०.४६. तुमचा ट्रॅक ०.४ मिमी असेल तर तो राहिलाच नाही! भाच्याच्या फोटोतला गायब ट्रॅक असाच गेलाय, त्यात जादू काही नाही.

यावर कोणीतरी म्हणणारच की मग टूलची रुंदी ०.४५ टाका. टाका की. ०.८ मिमी पिचच्या (दोन पायांमधल्या अंतराच्या) आयसीला पॅड ०.५ चा धरला तर दोन पॅडमध्ये ०.३ ची फट उरते, त्यात ०.४५ चं टूल जाणारच नाही, सॉफ्टवेअर तिथे मार्गच आखणार नाही आणि दोन्ही पॅड एकमेकांना चिकटलेले राहतील. म्हणजे कमी सांगितलं तर ट्रॅक जातो आणि खरं सांगितलं तर शॉर्ट राहतो. ३० अंशी बिट घेतलं तर त्रास कमी होतो हे खरंय, ०.१ खोलीला ०.१५ आणि ०.५ ला ०.३७, पण कमीच होतो, जात नाही, आणि ते टोक इतकं नाजूक की खोल काचेत घातलं की आधी तेच जातं.

हो, काच. एफआर-४ म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड आणि इपॉक्सी. ०.१ वर कापताना ३५ मायक्रॉन कॉपर आणि त्याखाली थोडीशी काच निघते. तेच ३० अंशी बिट ०.३ वर नेलं तर चरीतून निघणारी काच-इपॉक्सी साधारण सहापट होते, कारण चर खोलही होते आणि रुंदही. कार्बाइडची धार काचेनेच जाते, त्यामुळे बिट लवकर बोथट होतं, मग कडेला बर (कॉपरची खरखरीत कोर) येते, मग तोच माणूस म्हणतो बिट लोकल निघालं. आणि एवढी सहापट धूळ करून वर तोंडाने फुंकर मारा म्हणे, म्हणजे नाक बरोबर तिथेच, ढगाच्या वर. हे लिहिणाऱ्याला काय म्हणावं कळत नाही. मी उगाच घाबरवत नाहीये, अशा सलग काचधाग्याला आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने) ३ नंबरच्या गटात ठेवलंय, म्हणजे कॅन्सर होतोच असं म्हणता येत नाही. पण ही धूळ डोळे, घसा, कातडी, श्वासनलिका यांना टोचते आणि बारीक कण आत जातात, त्यासाठी कॅन्सरच व्हायला पाहिजे असं नाही. कापताना शेजारी व्हॅक्यूमचं नळकांडं, तोंडाला एन-९५, डोळ्याला चष्मा, नंतर ओलं फडकं. फुंकर नाही, ब्लोअर तर अजिबात नाही. घरात लहान मूल असेल तर एफआर-१ वापरा, कागद आणि फिनॉलिक, त्यात काच नसते, बिटही जास्त टिकतं. मास्क मात्र तेव्हाही लावा.

पॉलिशपेपरचा मुद्दा वाचून मी दोन मिनिटं नुसता बसलो होतो. उंचवटा आहे म्हणजे तिथे कॉपर जाड आहे असं यांना वाटतं की काय? कॉपर सगळीकडे ३५ मायक्रॉनच आहे, खालचा बोर्ड वाकलाय. सतरंजीखाली चप्पल राहिली म्हणून वरून सतरंजी घासत बसायचं, तसं हे. ०.२ मिमीचा उंचवटा घासून सपाट करायचा तर पहिल्या ३५ मायक्रॉनलाच कॉपर संपलं, उरलेले १६५ मायक्रॉन तुम्ही काच घासताय, पुन्हा तीच धूळ, या वेळी हाताने. कॉपर साफ करायला स्कॉचब्राइट किंवा एकदम बारीक पेपर हलक्या हाताने फिरवणं वेगळं, ते कराच, कारण काळपटलेल्या कॉपरवर प्रोबला स्पर्श नीट कळत नाही.

चार कोपरे. ज्याला बाक म्हणतात त्याचं वैशिष्ट्यच असं की कोपरे एका पातळीत असू शकतात आणि मध्य वर किंवा खाली असतो. चारही कोपऱ्यांचं रीडिंग शून्य, मॅप सांगतो सगळं सपाट, आणि मधे बिट ०.३ ने आत घुसतंय किंवा हवेत फिरतंय. साधी तिरकी मांडणी असेल तर चार कोपरे पुरतात, बाकाला नाही. मग किती बिंदू लागतात? लोक ५ मिमीवर मोजत बसतात आणि कंटाळून सोडून देतात, तेवढी गरज नसते. १०० मिमीत ०.३ चा गोलसर बाक धरून गणित केलं तर ५० मिमी अंतराने मोजल्यास दोन बिंदूंच्या मधे जास्तीत जास्त ७५ मायक्रॉनची चूक राहते, २० मिमीने मोजल्यास १२ मायक्रॉन, १० मिमीने मोजल्यास ३. म्हणजे २० मिमीची जाळी बहुतेक कामाला भरपूर, १०० बाय ८० च्या बोर्डाला ६ गुणिले ५, तीस बिंदू. कातरीने कापलेल्या कडेजवळ थोडे जास्त घ्या, कारण तिथलं वळण गोलसर नसतं. अजून एक, जी-कोडमधली लांब सरळ रेघ सॉफ्टवेअरने तुकडे करून वाकवायला हवी, नाहीतर ८० मिमीच्या ट्रॅकला फक्त दोन टोकांची उंची मिळते आणि मधला उंचवटा मॅपमध्ये असूनही कामाला येत नाही. बीसीएनसी आणि कँडल हे तुकडे करतात, स्वतःची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी बघावं.

करंटने बेअरिंग जातं हे तर काहीच्या काही. ग्रबलवाल्या ऊनोवर (मशीन चालवणाऱ्या आर्डुइनो बोर्डावर) प्रोबची पिन ५ व्होल्टला चिपच्या आतल्या पुलअप रेझिस्टरने धरलेली असते, तो २० ते ५० किलोओहम. म्हणजे जास्तीत जास्त पाव मिलीअँपिअर, तोही स्पिंडल बंद असताना, आणि क्लिप थेट बिटला लावली तर बेअरिंगमधून जायचं कारणच नाही. क्लिप काढल्याशिवाय स्पिंडल चालू करू नका, वायर गुंडाळून मशीनच्या अंगावर येते, पण हा धोका त्या मेसेजमध्ये नाहीच.

टोक मोडतं, हे मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. स्पर्श होताक्षणी ग्रबल पोझिशन नोंदवतं पण मशीन तिथल्या तिथे थांबत नाही, वेग उतरवत थांबतं. झेडचं अ‍ॅक्सिलरेशन १० मिमी प्रति सेकंद वर्ग असेल आणि प्रोबचा फीड (खाली जायचा वेग) १०० मिमी प्रति मिनिट, तर स्पर्शानंतर जवळजवळ ०.१४ मिमी पुढे जातं. ०.१ च्या टोकाला तेवढं बास. फीड ३० वर आणा, तोच आकडा ०.०१३ च्या आत येतो. शिवाय क्लिप सुटली असेल तर बिट बिनधास्त खाली जात राहतं, म्हणून सुरू करण्याआधी क्लिप हाताने कॉपरला टेकवून स्टेटसमध्ये प्रोबचा पी दिसतो का बघायचं.

अजून एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नसूनही त्यांच्या बाजूने सांगतो. मॅप सगळं निस्तरत नाही. बोर्ड फक्त कडेला क्लॅम्पने धरलाय आणि मधे पोकळ आहे, तर प्रोब हलकेच टेकतो आणि उंची बरोबर देतो, पण कापताना बिट त्याला खाली दाबतं आणि खोली कमी पडते. पाठीला पूर्ण डबल टेप लावा, बुडबुडा ठेवू नका. झेडला बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रू-नटमधला ढिलेपणा) असेल तर सतत वरखाली होणारा झेड तो बॅकलॅश प्रत्येक वळणावर खातो, तिथे स्प्रिंगवाला नटच लागतो. स्पॉइलबोर्ड (बोर्डाखालची फळी) एकदा मशीननेच फेस (वरून तासून सपाट) करून घेतलात तर मॅपला निम्मं काम उरतं. आणि ३० बाय ४० चा छोटा बोर्ड, डीआयपी पार्ट (भोकात पाय घालायचे), मिलीमीटरभर रुंद ट्रॅक, असं असेल तर नका करू ऑटोलेव्हल, कोण जबरदस्ती करतंय. होल पाडायला आणि बाहेरची कड कापायला तर तसाही नको.

प्रोफेशनल मशीनला नसतं म्हणे. फॅक्टरी ट्रॅक मिल करतच नाही, एच (etch) करते, म्हणजे नको ते कॉपर रसायनाने विरघळवते, तिथे खोलीचा प्रश्नच वेगळा. आणि जी प्रोफेशनल मशीन खरंच मिल करतात, उदाहरणार्थ एलपीकेएफच्या प्रोटोमॅट, त्यांच्यावर डेप्थ लिमिटर असतो, बिटभोवतीचा पाय बोर्डाच्या पृष्ठभागावर टेकून किंवा हवेच्या गादीवर चालतो आणि बिट त्याच्यापासून ठरलेल्या अंतरावर राहतं. वरच्या मॉडेलना व्हॅक्यूम टेबल पण. आपण सॉफ्टवेअरमध्ये करतो ते तिथे यंत्राने होतं, इतकंच.

आणि तो कायमचा मॅप. बोर्ड उचलून परत चिकटवला की मॅप कचऱ्यात, टेपसुद्धा सारखी बसत नाही. बिट बदललं तर मात्र परत सगळे बिंदू मोजायची गरज नाही, बोर्डाचा आकार तोच असतो, फक्त लांबी बदललेली असते. झेडचं शून्य परत घ्यायचं, पण जिथे मॅपचं शून्य घेतलं होतं बरोब्बर त्याच एक्स-वायला. भाच्याला तेवढ्यासाठी पेनने कॉपरवर खूण करायला सांगितलंय.